बारावी पायरी

भयकथांच्या या ग्रुपवर मी आजवर दोनदाच लिहिलंय आणि दोन्ही वेळा भांडायला. एकदा कोणीतरी ताईतांची जाहिरात टाकली होती तेव्हा, आणि एकदा 'अमावास्येला जन्मलेली मुलगी' या गोष्टीवर. म्हणून माझं नाव इथे पाहून काहींना हसू येईल. येऊ द्या.

माझा भुताखेतांवर विश्वास नाही. आजही नाही. आमच्या घरात तो असणं शक्यच नव्हतं. छप्पन साली आजोबांनी धम्मदीक्षा घेतली, घरातले देव त्याच दिवशी नदीत गेले. माझे बाबा वर्ध्यात एका छापखान्यात तीस वर्षं कामाला होते. दिवसभर लोकांच्या लग्नपत्रिका छापायच्या आणि उरलेल्या कागदावर आपली पत्रकं. अंगात येणं, भानामती, करणी... सगळ्यांवर बाबांचं एकेक पत्रक आहे. मी अक्षरं ओळखायला शिकले ती त्या पत्रकांवर. माझं नाव समता. यावरून घराची कल्पना यावी.

तर असं घर, आणि त्यात हे घडलं. जसं घडलं तसंच सांगते.

बाबांची धाकटी बहीण, माझी कौसल्या आत्या, आंजी मोठीला राहायची. आम्ही पिपरी मेघेला. सातवीत असताना आत्याला शाळेतून काढून सिंदी रेल्वे या गावी लग्न करून दिलं. पुढे नवरा वारला, मूलबाळ नव्हतं, ती आंजीला परत आली आणि अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागली. बावीस वर्षं तिनं दुसऱ्यांची लेकरं घरून उचलून आणली, त्यांची नाकं पुसली, खिचडी शिजवली. हजेरी मात्र सेविकाबाई घ्यायच्या. आत्या म्हणायची, "सातवीच्या हजेरीतून मायं नाव काटलं, मंग कोन्याच हजेरीत आलं नाई बाप्पा." हसून म्हणायची. मीही हसायचे.

गेल्या वर्षी एका शिक्षणसंस्थेनं बालशिक्षणावर मोफत वेबिनार ठेवले. पाच रविवार, सकाळी अकरा वाजता. अंगणवाडीच्या बाया, बालवाडीच्या ताया, कोणीही यावं. आमच्या भागातली नावं गोळा करायचं काम मी घेतलं. ऑनलाइन फॉर्म मीच बनवला. ज्यांचा फॉर्म येईल त्यांची यादी संस्थेला द्यायची आणि शनिवारी त्यांना लिंक पाठवायची, इतकं साधं.

मी दोन नियम केले. पहिला – ज्याचा फॉर्म त्यानंच भरायचा. आमच्याकडे बाया फोन पुढे करतात आणि म्हणतात, "तूच भर व पोरी, मले काय समजते." जन्मभर कोणीतरी आपला फॉर्म भरून देतं आणि जन्मभर आपण त्याच्या उपकारात राहतो. हे मोडायचं होतं मला. दुसरा नियम – वशिला नाही. वशिल्याविरुद्ध मी स्वतः पत्रक काढलेलं होतं, तेव्हा घरच्या माणसाला तर अजिबातच नाही.

मग मी पत्रक लिहिलं. 'आपली नोंदणी आपल्या हाताने'. फोन उघडा, ग्रुपवरच्या लिंकला बोट लावा, नाव लिहा, गाव लिहा, असं एकेक पायरी करून. शेवटी 'झालं. आता लिंकची वाट पाहा.' ते पत्रक एका पानात बसवायचं होतं, पाठपोठ झेरॉक्स परवडत नव्हती. एक ओळ खाली जात होती, ती काढली. अकरा पायऱ्या झाल्या. बाबा म्हणाले, "प्रूफ दाव मले एकदा." मी म्हटलं, "बाबा, हे पत्रक आहे, लग्नपत्रिका नाही." त्यांनी चष्मा परत खिशात ठेवला.

आंजीच्या विहारात मी ती पत्रकं वाटली. आत्या पहिल्या रांगेत बसलेली. तिनं ते पत्रक कपाळाला लावलं. मी तिथंच तिला टोकलं, "आत्या, कागद वाचायचा असतो. कपाळाला काय लावतेस?"

"तुया हातचं हाय म्हनून लावलं," ती म्हणाली. "देव म्हनून नाई लावलं." बाया हसल्या.

त्या आठवड्यात तिचा दोनदा फोन आला. पहिल्यांदा विचारलं, "व समता, त्या फॉर्ममंदी 'तुमचा प्रश्न' म्हनून एक डब्बा हाय. तिथं काय लिहाव?"

"तुला जे विचारायचं असेल ते लिही."

"मले तं लय इचारायचं हाय."

"एकच लिही आत्या. डबा लहान आहे."

दुसरा फोन शनिवारी दुपारी. "झालं वो माय माय. समद्या पायऱ्या केल्या. एकटीनं. कोनाले इचारलं नाई." तिच्या आवाजात जे होतं ते मी आत्ता लिहू शकत नाही. मी कामात होते. छान छान म्हटलं आणि ठेवला.

रात्री आठला मी फॉर्म बंद केला, म्हणजे त्यानंतर कोणी भरू पाहिलं तर 'हा फॉर्म आता बंद आहे' एवढंच दिसतं. यादी काढली. आत्याचं नाव नव्हतं.

मी पाहिलं ते. खोटं बोलणार नाही. दोनदा वरून खाली पाहिलं. मनात म्हटलं, जमलं नसेल तिला, सांगायला लाजली असेल. लिंक माझ्या हातात होती. पाठवायला दोन सेकंद लागले असते. पण नियम... आणि नियम माझा.

रविवारी साडेबाराला तिचा फोन.

"लिंक नाई आली बाई मले."

"तुझा फॉर्मच आला नाही आत्या."

"केलता ना व. अकराच्या अकरा पायऱ्या केल्या. एकेक पायरी झाली का तिच्यावर पेनानं बरोबरची खूण करून राह्यली होती मी."

"मग कुठेतरी चुकलीस. पत्रकात सगळं लिहिलंय. नीट वाचलं असतंस तर झालं असतं."

कागदाची घडी उलगडल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "असन. चुकली असन मी."

"पुढच्या वेळी नवा फॉर्म निघेल, तेव्हा भर. आता मी तुला मधूनच घेतलं तर बाकीच्या बाया काय म्हणतील? समताची आत्या म्हणून घेतलं म्हणतील."

"हाव, ते बी बराबरच हाय. वशिला नोको." आणि मग, "जेवली का तू?"

हे आमचं शेवटचं बोलणं.

गुरुवारी अंगणवाडीत खिचडी वाढता वाढता ती भिंतीला टेकून बसली. सेविकाबाईंना वाटलं, थकली. पोरांचं खाऊन होईपर्यंत ती गेलेली होती. डॉक्टर म्हणाले, हृदय. बाबांनी तिथं एकही अश्रू ढाळला नाही. घरी आल्यावर तिचा फोन बंद करून आपल्या लोखंडी कपाटात ठेवला, कुलूप लावलं, आणि मग तिथेच, कपाटाला धरून, रडले.

तिच्या घरात आवराआवर करताना मला एक नवीकोरी वही सापडली. पहिल्या पानावर पट्टीनं समास आखलेला. वर 'वेबिनार'. खाली रविवारची तारीख, वेळ अकरा, आणि 'विषय' असं लिहून पुढे रिकामं. बाकी सगळी वही कोरी. शेजारच्या काकूंनी सांगितलं, त्या रविवारी ती सकाळी साडेदहालाच आंघोळ करून, पांढरं लुगडं नेसून, फोन पाटावर ठेवून समोर बसली होती. "कोनी येनार हाय का व, म्हनून मी इचारलं तिले. तं म्हने, मायी शाळा हाय."

वहीतच माझं पत्रक होतं, चार घड्या केलेलं. अकरा पायऱ्या आणि अकरा लाल खुणा. मी ते हातात घेऊन पाहिलं आणि तेव्हाही... तेव्हाही मला वाटलं, बिचारी, सगळं केलं आणि कुठेतरी चुकली. माझ्या डोक्यात दुसरं काही आलं नाही.

आता मुख्य गोष्ट.

आमच्या घराची एक रीत आहे. कोणी गेलं की आम्ही तेरवी करत नाही. पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात वंदना होते आणि त्या माणसाच्या नावानं एक पत्रक वाटलं जातं. लोकांच्या उपयोगाचं. आजीच्या वेळी सर्पदंशावर होतं. आत्याचं पुण्यानुमोदन रविवारी होतं, तिला जाऊन दहा दिवस होत होते. तिच्या नावानं काय छापायचं हे ठरत नव्हतं. शेवटी मी तिचा जीवनपरिचय लिहिला आणि शनिवारी दुपारी बाबा आणि मी वर्ध्यात डीटीपीच्या दुकानात गेलो.

बाबा स्क्रीनवर प्रूफ वाचत होते. मी शेजारी उभी, फोन माझ्या हातात. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. फोन वाजला. फॉर्मची सूचना – 'नवीन नोंद आली आहे.'

मला आधी रागच आला. फॉर्म बंद करून दोन आठवडे होत होते. म्हटलं, चुकून चालू राहिला की काय. उघडलं.

नाव – कौसल्या. गाव – आंजी मोठी. शिक्षण – सातवी. काम – अंगणवाडी मदतनीस. आणि 'तुमचा प्रश्न' या डब्यात हे होतं. जसंच्या तसं उतरवते –

'समता. पत्रकात. शेवटची पायरी. राहिली. खाली निळं बटन हाय. ते दाबा लागते. मले. आता दिसलं. बाकीच्या बायांले. सांगजो.'

त्या टिंबांबद्दल सांगायला हवं. आत्याचा अंगठा जड होता. दोन शब्दांत जागा सोडताना तो दोनदा पडायचा आणि फोन आपोआप टिंब टाकायचा. तिचे सगळे मेसेज असेच यायचे. 'समता. जेवली का. बाबा. बरे हाय का.' मी तिची यावरून चेष्टा करायचे.

मी फोन बाबांसमोर धरला. बाबांनी वाचलं. चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत वाचलं. दुकानातला माणूस विचारत होता, "काका, फोटो डावीकडं घेऊ का उजवीकडं?"

"कोनीतरी चेष्टा केली असन," बाबा म्हणाले. आणि मग, "तिचीच बोली हाय ही."

मी पर्समधून ते पत्रक काढलं, आत्याच्या लाल खुणांचं. पायरी अकरा – 'डब्यात तुमचा प्रश्न लिहा.' त्याखाली – 'झालं. आता लिंकची वाट पाहा.'

सबमिटचं बटण दाबायचं कुठेच नव्हतं. पानात बसत नव्हती म्हणून मी काढलेली ओळ ती होती. काढताना मनात म्हटलेलंही मला आठवलं – एवढं तर कोणालाही कळतं. ज्यांच्या घरी शिकलेली पोरं होती त्यांना कळलं. आत्या एकटी होती. आणि ती ज्या घरात वाढली त्या घरात छापील कागदाच्या पुढे एक पाऊल टाकायचं नसतं. कागदानं सांगितलं 'झालं', म्हणून तिच्यासाठी ते झालं होतं.

ती चुकली नव्हती. तिनं एकही पायरी चुकवली नव्हती. मी तिला म्हटलं, नीट वाच. आणि ती म्हणाली, असन, चुकली असन मी.

डीटीपीच्या दुकानात, लोकांसमोर, मी खाली बसले.

आता तुम्ही जे म्हणाल ते सगळं मी स्वतःला म्हणून झालंय. फॉर्म चालू राहिला असेल? तिथेच उभं राहून तपासलं, बंदच होता. तिच्या फोनमधून नेटवर्कमुळे उशिरा आला असेल? फोन बंद होता आणि बाबांच्या कपाटात कुलपात होता. तरी संध्याकाळी आम्ही तो काढला, चार्ज केला, चालू केला. त्यात फॉर्मचं पान तसंच उघडं होतं. सगळं भरलेलं, फक्त पाठवलेलं नाही. आणि त्यातल्या प्रश्नाच्या डब्यात वेगळंच लिहिलेलं होतं –

'लेकरू नवं नवं अंगणवाडीत आलं. का आईसाठी. लय रडते. त्याले. किती वेळ. रडू द्याव.'

हा तिचा खरा प्रश्न होता. त्या शनिवारचा. म्हणजे दुपारची नोंद या पानावरून गेलेली नव्हती. मी खालचं निळं बटण दाबून पाहिलं. 'हा फॉर्म आता बंद आहे.' बाबा आणि मी, दोघांनीही ते वाचलं.

कोणी खोडी केली म्हणावं, तर बंद फॉर्ममध्ये नोंद जाते कशी? आणि त्या ओळीबद्दल कोणालाच माहीत नव्हतं. काढणारी मी, मीही विसरून गेले होते. मीच अपराधी वाटून भ्रमात काही केलं असेल? हाही विचार केला, प्रामाणिकपणे केला. पण नोंद आली तेव्हा मी बाबांच्या शेजारी उभी होते, आणि मला तोवर अपराधी वाटतच नव्हतं. हे सांगायला सगळ्यात जड जातं. मला तोवर मी बरोबरच वाटत होते. कॉम्प्युटर शिकवणाऱ्या माझ्या एका मित्राला सगळं दाखवलं. तो तासभर बसला आणि म्हणाला, "असं होत नाही." मी म्हटलं, झालंय. तो म्हणाला, "हो, ते दिसतंय."

त्या रात्री बाबांना मी विचारलं, "आता काय करायचं?"

"नियम काय हाय तुया?"

"ज्याचा फॉर्म येईल त्याचं नाव यादीत."

"मंग आला ना फॉर्म."

मी यादी उघडली आणि शेवटी तिचं नाव टाकलं. प्रश्न मात्र तिच्या फोनमधला लिहिला.

रविवारी सकाळी अकराला तिसरा वेबिनार होता आणि दुपारी पुण्यानुमोदन. आंजीच्या बाया विहारातच माझ्या लॅपटॉपसमोर बसल्या. सत्राच्या शेवटी मार्गदर्शक बाईंनी आलेले प्रश्न घेतले. त्या कुठल्या दूरच्या शहरातून बोलत होत्या, त्यांना काही माहीत असायचं कारण नव्हतं. त्या म्हणाल्या, "आंजी मोठीहून कौसल्याताईंचा प्रश्न आहे. आहात का ताई?"

मी माइक चालू केला. मला सांगायचं होतं की त्या नाहीत. तोंडातून निघालं, "आहेत. विचारा."

बाईंनी प्रश्न वाचला. म्हणाल्या, "फार चांगला प्रश्न आहे. रडणाऱ्या मुलाला गप्प करायची घाई करू नका. शेजारी बसा. आई आत्ता येते असं खोटं सांगू नका, मुलांना खोटं कळतं. त्याच्या आईची एखादी वस्तू त्याच्या हातात असू द्या. तो त्याचा तो थांबेल."

माझ्या हातात तिची वही होती. 'विषय' या शब्दापुढे मी ते उत्तर लिहून घेतलं.

दुपारी पत्रक वाटलं. जीवनपरिचय मी रद्द केला होता. नोंदणीचं तेच जुनं पत्रक राहिलेल्या पायरीसकट पुन्हा छापलं, या वेळी पाठपोठ, आणि या वेळी बाबांनी प्रूफ वाचलं. वाचून झाल्यावर विचारलं, "याच्यात तिचा फोटो नाई?"

"नाव आहे बाबा. शेवटच्या पायरीखाली."

पुढच्या वेबिनारमालेचा नवा फॉर्म मी त्याच दिवशी सुरू केला. आत्याच्या शेजारच्या काकू चष्मा नाकावर सरकवत विहाराच्या पायरीवर बसून फॉर्म भरत होत्या. बराच वेळ गेला. मी मदतीला गेले नाही... खरं तर जाऊन शेजारी बसले, पण फोनला हात लावला नाही. त्यांनी पत्रक उलटलं, मागची बाजू वाचली, आणि बोटानं स्क्रीन वर सरकवली.

"हेच का व ते निळं बटन?"

"हो काकू. हेच."

त्यांनी दाबलं. माझ्या फोनवर सूचना आली.

या गोष्टीला महिने झाले. ती तीन दहाची नोंद अजून माझ्याकडे आहे. तिचा अर्थ मी लावलेला नाही. बाबा म्हणाले होते, "जसं झालं तसं लिहून ठेव. समजत नसन तं समजत नाई म्हनून लिही. तेबी खरंच बोलनं हाय." म्हणून लिहिलं. मी आजही कोणाच्या अंगात येऊ देणार नाही, आणि ताईतवाल्यांशी पुन्हा भांडेन.

पण ते पत्रक आता सेलूपर्यंत जातं, बाया माझं कौतुक करतात की किती सोपं लिहिलंस. तेव्हा मी त्यांना मागची बाजू दाखवते. पहिल्या अकरा पायऱ्या माझ्या आहेत. बारावी मी लिहिलेली नाही.